मे महिन्यात काशीला, तेही सॅक पाठीवर टाकून?

प्रश्न: नमस्कार दादा, मी आणि माझी मैत्रीण, दोघी सांगलीच्या. परीक्षा संपली की मेच्या शेवटी रेल्वेनं काशीला जायचं म्हणतोय, एकेक सॅक, स्लीपरचं तिकीट, चार-पाच दिवस घाटांवर भटकायचं. घरचे म्हणतात एवढ्या उन्हात कोण जातं तिकडं, दिवाळीनंतर जा. पण तेव्हा आम्हाला सुट्टीच नसते. जावं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: जा, नक्की जा. पण घरच्यांची काळजी खरी आहे बरं का, मे-जूनमध्ये तिथं पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि दुपारी लू, म्हणजे तापलेला कोरडा वारा, सुटतो.

आधी गाडीचं बोलू, कारण माझ्या मते काशीपेक्षा जास्त त्रास वाटेतच होतो. सांगलीहून सकाळी कोयना पकडली की रात्री सीएसएमटी, आणि तिथून मध्यरात्रीनंतर वाराणसीची महानगरी सुटते. इथं तारीख नीट बघा, २० तारखेच्या रात्री मुंबईत पोचणार असाल तर तिकीट २१ चं काढायचं, लय जण इथंच फसतात. ही गाडी सकाळी भुसावळ सोडते आणि मग खंडवा, इटारसी, जबलपूर हा सगळा पट्टा भर उन्हात पार करते, स्लीपरच्या खिडकीतून भट्टीसारखी धग आत येते, आणि वरचा पत्रा तापतो त्यामुळं अप्पर बर्थवर तर अंग भाजून निघतं. म्हणून निदान जाताना तरी थर्ड एसी काढा, इकॉनॉमीवालं मिळालं तरी चालेल. पैसे राहण्यात वाचवा, इथं नको. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसा कारण सुट्टीत यूपी-बिहारकडं जाणारी गर्दी प्रचंड असते, आणि ऑनलाइन तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येच राहिलं तर चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्या भरवशावर घरातनं निघू नका.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग घ्या. दहीभात नको, आंबतो. ओआरएसची पाकिटं ठेवाच, नाही मिळाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला, मीठ अंदाजानं वाढवू नका. लघवी गडद पिवळी व्हायला लागली की पाणी कमी पडतंय समजायचं. एक सुती पंचा ओला करून डोक्या-मानेवर ठेवा. सॅक सात-आठ किलोच्या वर नको, आणि ती घेऊन दुपारी खोल्या शोधत फिरायचं नाही, पहिल्या रात्रीची खोली आधीच ठरवा.

खोली घेताना सगळे गंगा दिसणारी वरच्या मजल्यावरची मागतात. मेमध्ये ती घेऊ नका, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली ऊन ओततो. खालचा मजला घ्या. हवा कोरडी असली तर कूलर मस्त चालतो, पण पूर्वेकडून दमट वारा सुटला की त्याचा काही उपयोग नाही.

आता काशी. आपल्याकडं सहाला उजाडतं, तिथं मेमध्ये पाच-सव्वापाचलाच सूर्य वर येतो, आणि घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला, म्हणजे पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर. त्यामुळं साडेचारला घाटावर हजर व्हा, आठपर्यंत अस्सीपासून भोसले घाट, सिंधिया घाट असं चालत जाऊन परत या. विश्वनाथाचं दर्शनही पहाटेच घ्या, फरशी तापायच्या आत, मोबाईल आणि बॅग आत नेता येत नाही. आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं, आपल्या माणसांनी तिथं किती काय उभं केलंय ते बघताना खरंच ऊर भरून येतो. अकरा ते चार आत बसायचं, झोप काढा नाहीतर बीएचयू म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठातलं भारत कला भवन हे संग्रहालय बघा, आणि सत्तूचं सरबत, बेलाचं सरबत, कैरीचं पन्हं भरपूर प्या, फक्त ठंडाई घेताना भांग घातलीय का ते आधी विचारा. चार वाजून गेले की मागच्या उंच वाड्यांची सावली घाटावर पडायला लागते, मग रात्री उशिरापर्यंत फिरा.

कृष्णेत पोहायची सवय असली तरी गंगेत पोहायला जाऊ नका. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पुढं एकदम खोल, साखळी धरून डुबकी घ्या तेवढी बास.

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे, बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे. मेमध्ये आम्ही काशीला निघालोय तर तेही येतो म्हणतात. न्यावं का?
– एक वाचक, वाई, जि. सातारा

उत्तर: मेमध्ये नको, अगदी स्पष्ट सांगतो. त्या गोळीनं शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर जातात, वर घाम, शिवाय या वयात तहान लवकर कळत नाही. तरीही जाणारच असले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद किंवा कमी करू नका. वाटेत ते असंबद्ध बोलायला लागले, तोल जायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात असू शकतो, पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रेल्वेगाडीत असाल तर रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला. त्यांना नोव्हेंबरच्या शेवटी न्या, कार्तिक पौर्णिमेला तिथं जी देवदिवाळी असते तिची गर्दी टाळून, किंवा फेब्रुवारीच्या शेवटी. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात.