फुगे कोण फुगवतंय ते बघ आधी

"ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला आहे. पुढच्या शनिवारी फेअरवेल आहे आणि बॅचतर्फे मला बोलायला सांगितलंय. या ग्रुपने 4 वर्षांत मला जे दिलं त्याचं थँक्यू कसं म्हणू कळत नाही, लिहायला बसलं की रडूच येतं. मी जॉबला बंगळुरूला जाणार, कुणी मुंबईला, एकजण जर्मनीला. फर्स्ट इयरची माझी रूममेट (आमच्या सगळ्यांच्या ड्रॉइंग शीट्स तिच्या शीटवरूनच जीटी मारलेल्या, हाहा) तिला वायडी म्हणजे इयर डाऊन लागला, एक वर्ष मागे पडली, ती आता टीईला म्हणजे थर्ड इयरला आहे, डेकोरेशन कमिटीत दिसते, पण आता तसा संबंध नाही. मनापासून निरोप कसा घ्यावा, सांगा ना."

अगं, तुझं पत्र यापेक्षा बरंच मोठं होतं, मी छाटलंय. ग्रुपवर दीड पान, न झालेल्या गोवा ट्रिपवर एक परिच्छेद, साडी-ब्लाउजवर सात-आठ ओळी, आणि त्या मुलीवर एक वाक्य, त्यातलंही अर्धं कंसात आणि वर हाहा. मी त्या हाहाशीच अडकलेय.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बादल्या उलट्या ठेवायच्या, त्यावर काच, काचेखाली बल्ब नाहीतर मोबाईलचा टॉर्च, काचेवर ओरिजिनल शीट आणि तिच्यावर तुझी कोरी शीट, मग नुसती पेन्सिल फिरवत सुटायचं. ग्राफिक्सचं, म्हणजे ड्रॉइंगच्या विषयाचं, सबमिशन असं रात्रीत उरकतं. पण ओरिजिनल कुणीतरी काढावी लागते ना! ड्राफ्टर लावून, आयसोमेट्रिकची एकेक रेघ डोकं लावून काढणारी एकच असते आणि मग ती शीट रूमारूमांतून फिरते, परत येते तेव्हा तिच्यावर चहाचे डाग आणि कोपरे दुमडलेले. तुमच्यात ती ही होती. म्हणजे तुझ्या टर्मवर्कचे मार्क तिच्या हातचे आहेत, आणि ते तू जोक म्हणून लिहितेस.

पुढचं. वायडी लागतो कसा हे तुलाही माहितीये. एफईचा, म्हणजे फर्स्ट इयरचा, एक विषय जरी राहिला तरी टीईला घेत नाहीत, बहुतेकींचा गणिताचा एम वन नाहीतर एम टूच असतो. मग अख्खं वर्ष घरी, किंवा इथेच कुठेतरी कॉट बेसिसवर, कॉलेजला जायचं नाही, फक्त परीक्षेची वाट बघायची आणि नातेवाईकांना काहीतरी सांगत राहायचं. तिचं नक्की कसं गेलं ते तू लिहिलंच नाहीस. मला वाटतं तुला ते माहीतच नाही. तिचा राहिलेला विषय कधी निघाला, माहितीये? पार्टी मागितलीस?

आणि आता ती टीईला म्हणजे बघ काय झालंय, फेअरवेल टीईवाले देतात. कॉन्ट्रिब्युशन तेच काढतात, बॅनर तेच लावतात, तुमच्या नावांच्या टायटलच्या चिठ्ठ्या तेच कापत बसतात. जिच्यासोबत तू पहिल्या दिवशी रांगेत उभी राहून हॉस्टेलची गादी घेतलीस (नसशील घेतली, पण असंच काहीतरी असणार) ती स्वतःच्या खिशातले पैसे घालून तुझ्या निरोपाचे फुगे फुगवतेय. आणि तू मला विचारतेस मनापासून थँक्यू कसं म्हणायचं!

ग्रुपची काळजी सोड. जर्मनीवाला व्हॉट्सॲपवर रोज मीम टाकणार आहे, मुंबईवाले लाँग वीकेंडला भेटणार आहेत, तुमची गोवा ट्रिपसुद्धा कुणाच्यातरी लग्नाच्या निमित्ताने होईल एकदाची. तुझी रूममेट मात्र परत सहज भेटणार नाहीये, कारण तिच्याशी "तसा संबंध नाही" हे तू आधीच ठरवून मोकळी झालीस.

एकच काम सांगते. शुक्रवारी रात्री ही पोरं हॉल सजवत असतील, तिथे जा. साधी कुर्ती घालून, एकटी, ग्रुप घेऊन नाही. सेलोटेप धर, खुर्च्या लाव, जे सांगतील ते कर. ती एकटी सापडली की सरळ सांग, ग्राफिक्सच्या शीट्स तू काढल्यास म्हणून माझं सबमिशन झालं, मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही आणि तुझा वायडी लागला त्या वर्षी मी एक फोनही केला नाही. बास. त्यावर "पण मला कळतच नव्हतं काय बोलू" वगैरे लांबण लावू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल. ती म्हणेल "अगं चल काहीतरीच", किंवा काहीच म्हणणार नाही आणि दुसरीकडे निघून जाईल. जाऊ दे. तिच्या मागे लागू नकोस, पण हॉलमधून पळही काढू नकोस, काम संपेपर्यंत थांब.

आणि खबरदार, हे स्टेजवर माईकवरून बोलशील तर. तुला वाटेल किती छान, सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. टाळ्या तुला पडतील गं. तिचा वायडी मात्र तिच्या सध्याच्या वर्गासमोर परत एकदा जाहीर होईल, ज्यातल्या निम्म्यांना तो माहीतही नसेल. इन्स्टाला टॅग करून पोस्ट तर अजिबात नको.

भाषणाचं म्हणशील तर ते दोन मिनिटांत आटप. एचओडी, लॅब असिस्टंट, मेसचे काका आणि टीईवाल्यांचे आभार मान आणि खाली उतर, तोवर सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं.