कायदे आहेत म्हणजे कायद्याचं राज्य आहेच ना?

तुमचा प्रश्न असा: देशात ढीगभर कायदे आहेत, मग 'कायद्याचं राज्य' म्हणून वेगळं काय मागतात लोक?

कायदे आणीबाणीतही होतेच की. 'मिसा' हा रीतसर कायदा होता. माणसाला उचला, कारणही सांगू नका. सगळं कायद्यात बसवलेलं. तरी मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, की अटक नियमाला धरून झाली का, एवढं तरी आम्ही तपासणार. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्या. हंसराज खन्नांनी अॅटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही? डे यांचं उत्तर: आणीबाणी आहे तोवर नाही.

मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. अधिकार हातात असलेल्याला 'कुठल्या कलमाखाली?' असं विचारायची सोय असणं आणि त्याला उत्तर द्यावं लागणं, हे कायद्याचं राज्य. ती सोय गेली की उरतात नुसते कायदे.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, सरकारच्या बाजूने, चार विरुद्ध एक. एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. चारांमध्ये आपले यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल मोडीत निघायला २०१७ उजाडलं, आणि तसं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड!

आता जवळचं सांगतो. आमच्या शेजाऱ्यांनी परसात विनापरवाना पत्र्याची खोली काढली होती. गेल्या वर्षी एका सकाळी जेसीबी आला. भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीवर तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, पण कागदाखालचा डिंक अजून ओला. खरं तर बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, ती रजिस्टर पोस्टाने पाठवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलंय (रस्ता-फूटपाथवरची अतिक्रमणं यातून वगळली आहेत). काकू "साहेब, हे पत्र आलं कधी?" असं विचारत राहिल्या. साहेब फोनवर.

गल्ली म्हणाली, "बेकायदाच होतं ना शेवटी?" होतंच. मीही गॅलरीत उभा राहून चहा पीत होतो.