सॅच्युरेशन ९८ आणि तरी गुंगी? एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करून घ्या

तुमच्या वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), धाप लागली म्हणून घरच्या कॉन्सन्ट्रेटरवर ऑक्सिजन २ वरून ५ लिटरवर नेला, सॅच्युरेशन ९८ झालं आणि तेव्हापासून दिवसभर गुंगी, सकाळी डोकं जड. घरचे म्हणतात, 'आराम पडलाय, झोपू दे.' तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य माझ्या आईच्या वेळी एका रुग्णालयाच्या वॉर्डात मला ऐकवलं होतं.

मी डॉक्टर नाही, आईचं आजारपण काढलेली मुलगी आहे. हाक मारून ते नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलत असतील, तर पुढचं वाचत बसू नका, तातडीने दवाखान्यात न्या. आणि घाबरून ऑक्सिजन एकदम बंदही करू नका. तसं केल्यास सॅच्युरेशन पहिल्यापेक्षाही खाली घसरू शकतं.

बोटाला लावतो त्या ऑक्सिमीटरला फक्त हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय ते कळतं. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. तो रक्तात साधारण ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात फिरतो, थोडा हिमोग्लोबिनला चिकटून आणि थोडासा नुसता विरघळून. फुप्फुसात तो पुन्हा वायू होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. उच्छ्वासच अपुरा असेल तर सॅच्युरेशन ९९ असतानाही तो साठत जातो.

श्वासाचा वेगही मुख्यतः तोच ठरवतो. हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे दाखवलं होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, तिथली आम्लता वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र श्वास वाढवतं. पण वर्षानुवर्षं तो जास्तच राहिला की मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखून आम्लता सावरून घेतात आणि ही सूचना बोथट होते. मग मानेतल्या कॅरोटिड बॉडीवर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या बारीक गाठींवर, जास्त भिस्त राहते. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (सॅच्युरेशन नव्हे) ६० मिमी पाऱ्याच्या खाली गेला की त्या जोरात जाग्या होतात.

म्हणून 'जास्त ऑक्सिजन दिला की श्वास घ्यायची प्रेरणाच जाते' असं सर्रास सांगतात. माझ्या मते हे अर्धवट आहे, आणि त्यामुळे लोक गरज असतानाही ऑक्सिजनला घाबरतात. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या एरवी आवळलेल्या असतात. भरमसाट ऑक्सिजन मिळाला की त्या सैल होतात, रक्त त्या निकामी भागातून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजन बसला की हिमोग्लोबिन त्याला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. निरोगी माणूस जरा जोरात श्वास घेऊन तो टाकतो. सीओपीडीच्या पेशंटच्या फुप्फुसात ते बळ नसतं.

त्या वॉर्डात आईला मोठा मास्क लावला होता. मॉनिटरवर ९९ दिसत होतं आणि येणारा प्रत्येक जण तेवढंच बघून पुढे जात होता. तिला हात पुढे धरायला सांगितलं की पंजे मधेच झटकन खाली पडत आणि परत वर येत. मी ते दाखवलं, तर 'अशक्तपणा आहे' म्हणाले. एबीजीचं विचारलं तर 'सॅच्युरेशन छान आहे, कशाला टोचायचं?' अखेर पाळी बदलल्यावर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते हात बघून लगेच मनगटातून रक्त घेतलं. पीसीओटू, म्हणजे रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, ३५ ते ४५ हवा, तो ९०च्या वर होता. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं मशीन, लागलं. मला आजही संताप येतो तो याचा की इतकं होऊनही डिस्चार्ज कार्डावर फक्त 'ऑक्सिजन चालू ठेवा' एवढंच लिहिलं. किती लिटर, सॅच्युरेशन कितीपर्यंत, एक अक्षर नाही. बहुधा तुमच्याही कार्डावर हेच असेल.

अशा पेशंटना सहसा ८८ ते ९२ इतकंच सॅच्युरेशन पुरे असतं. तुमच्या डॉक्टरांकडून त्यांच्यासाठीचा आकडा लेखी घ्या आणि मशीनवरच चिकटवा, म्हणजे रात्री कोणी काळजीपोटी नॉब फिरवणार नाही. झोपेची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर तेही आवर्जून सांगा, दोन्हींनी श्वास मंदावतो. जुन्या रक्ततपासण्यांत बायकार्बोनेट सापडलं तर बघा. ते २२ ते २६च्या बरंच वर असेल तर कार्बन डायऑक्साइड आधीपासून साठत असण्याची शक्यता आहे.

एबीजी उद्यावर ढकलू नका, आजच करा. रिपोर्टमध्ये पीसीओटूच्या आधी पीएच (रक्ताच्या आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) बघा. पीसीओटू जास्त पण पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असेल तर शरीराने बरंचसं जुळवून घेतलंय, डॉक्टरांशी शांतपणे बोलायला वेळ आहे. पीएच ७.३५च्या खाली असेल तर मात्र त्यांना घरी आणू नका, बायपॅपची सोय आहे का ते तिथल्या तिथे विचारा.