केळीची उधारी 90 दिवसांत मावत नाही

प्रश्न : चोपड्याला आमचं ठिबक, पाइप आणि मोटरींचं दुकान आहे. वर्षाची उलाढाल 1 कोटी 80 लाखांच्या आसपास, बँकेची 25 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लिमिटपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं कर्जखातं). 30 वर्षं आप्पांनी (वडिलांनी) सगळं वहीवर सांभाळलं. बिलं तेवढी कॉम्प्युटरवर होतात. आता हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. दोन विक्रेते येऊन गेले. एकाचं ऑनलाइन, दरवर्षी पैसे भरायचे. दुसऱ्याचं दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसणारं. दोघंही म्हणतात, बटण दाबा, नफा-तोटा, ताळेबंद, सगळे रिपोर्ट आपोआप. आप्पा म्हणतात, यंत्राला काय कळतं कोण कधी पैसे देतो ते! कोणतं घ्यावं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आप्पांना नमस्कार सांगा, आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हेही सांगा.

माझे मामा धरणगावला खताचं दुकान चालवायचे. मी बी.कॉम. होऊन जळगावच्या एका डाळ मिलच्या ऑफिसात लागले, तेव्हा सुट्टीत गेले की हौसेने त्यांचा ताळेबंद काढून द्यायचे. मामा चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "ते सम्दं ठीक शे, पन पैसा कोनाकडे शे ते सांग." अजूनही कुणी मला सॉफ्टवेअर दाखवायला बसलं की मी आधी मामांचाच प्रश्न टाकते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. थकबाकीचा तक्ता सगळीकडे तयार मिळतो : 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्यापुढे. पुण्यातल्या स्टेशनरीवाल्याला तो चालेल. तुमचा शेतकरी जूनमध्ये मृगबागेसाठी (मृगात लावायच्या केळीसाठी) ठिबक नेतो आणि केळी कापली जाते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी. मधे कापूस विकला तर थोडे टेकवतो. म्हणजे तुमचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक त्या तक्त्यात कायम शेवटच्या रकान्यात. आणि मोटर नेऊन 25 दिवस फोन न उचलणारा पहिल्या रकान्यात, साळसूद. आप्पांना यंत्रावर भरवसा नाही तो यामुळेच.

यावर इलाज आहे. विक्रेत्याला सांगा, प्रत्येक बिलावर वेगळी मुदत टाकून दाखव. मृगबागवाल्याला पुढचा जुलै, कापूसवाल्याला डिसेंबर. मग थकबाकी बिलाच्या तारखेपासून न मोजता मुदतीच्या तारखेपासून मोजून दाखव, आणि गावनिहाय वेगळी काढ. टॅली आणि झोहो बुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत मुदतीवरून मोजणी जमते. बाकीच्यांचं समोर बसून बघा.

बँक मात्र तुमच्या मृगाचं ऐकणार नाही. सीसीसाठी दरमहा स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येणी-देण्यांचा तक्ता) द्यावं लागतं, त्यात साधारणपणे 90 दिवसांच्या आतलीच येणी धरतात. समजा माल 30 लाखांचा, त्यातले पुरवठादारांना द्यायचे 12 लाख; राहिले 18. येणी 20 लाख, पण 90 दिवसांच्या आतली फक्त 8. झाले 26. त्यावर 25 टक्के मार्जिन (तुम्ही स्वतः घालायचा वाटा) कापलं की उचल साडेएकोणीस लाखांचीच, लिमिट 25 चं असलं तरी. (तुमचे नेमके नियम मंजुरीपत्रात असतील, ते काढून वाचा. कुणी वाचत नाही.) तेव्हा एकाच नोंदीतून दोन तक्ते निघाले पाहिजेत : आप्पांसाठी मुदतीचा, बँकेसाठी बिलाच्या तारखेचा. विक्रेता दोन्ही दाखवू शकला नाही तर त्याच्या बाकीच्या दोनशे रिपोर्टांचं काय करायचं?

आता 'आपोआप' या शब्दाबद्दल. गेल्या वर्षी भुसावळकडच्या एका दुकानाचा हिशेब माझ्याकडे आला. मालकाच्या मोबाइलवर रोज सकाळी नफ्याचा आकडा यायचा, गडी खुशीत. मी साठ्याचा तक्ता उघडला. ठिबकची नळी : उणे 3,988. खरेदी 12 बंडलांची, ती नोंदली 12. विक्री 4,000 मीटरची, ती नोंदली 4,000. एका बंडलात 500 मीटर, म्हणजे गोदामात 2,000 मीटर नळी असायला हवी होती. आम्ही मागे जाऊन बघितलं, चार बंडलं धूळ खात पडलेली. रोजचा नफा या उण्यावर उभा होता, आणि मशीन बिचारं दिलं ते गिळून वेळेवर रिपोर्ट पाठवत होतं. तेव्हा बंडल आणि मीटर अशी दोन मापं एकाच मालाला लावता येतात का, हे पैसे देण्याआधी बघा.

तसंच नावांचं. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन किती, ते मी सांगायला नको. खातं उघडताना नावापुढे गाव आणि मोबाइल नंबर घालाच. नाहीतर एकाच माणसाची तीन खाती होतात, नाहीतर तीन माणसं एका खात्यात जातात. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

जुनी उधारी चढवताना एक चूक सगळे करतात. वहीतली बाकी एकरकमी टाकतात, 'मागील बाकी 46,000' अशी. मग ती कोणत्या बिलाची, कधीची, हे कायमचं गेलं, आणि थकबाकीचा तक्ता पहिल्याच दिवशी आंधळा. बिलवार चढवा. आठ-दहा दिवस जातील, आप्पांना शेजारी बसवा. त्यांना तोंडपाठ असेल. 1 एप्रिलपासून सुरू करायचं तर हे काम मार्चमध्ये हातावेगळं करा.

विक्रेत्याची परीक्षा घ्यायला तुमच्या धंद्यात आयता प्रश्न आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, पीव्हीसी पाइप 18 वरच राहिला. त्याला विचारा, ऑगस्ट 2025 मधलं ठिबक आज परत आलं तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट-चिठ्ठी) कर. ती जुन्या बिलाला जोडून 12 टक्क्यांनी निघाली पाहिजे. दर बदलताना जुनी बिलंही बदलत असतील तर चहा पाजून निरोप द्या. खरेदीची बिलं दर महिन्याच्या 14 तारखेला येणाऱ्या जीएसटीआर-2बी शी (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवता येतात का, तेही तिथेच बघून घ्या. सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात माल जात असेल तर एक आयजीएसटीचं (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीचं) बिलही काढायला लावा.

ऑनलाइन की कॉम्प्युटरवर? ऑनलाइनमध्ये ठरल्या दिवशी रिपोर्ट मेलवर येतो आणि सीए जळगावात बसून तुमची खाती बघू शकतो, ही सोय खरी आहे. पण वर्गणी थांबवली तर डेटा कोणत्या स्वरूपात हातात देणार, हे लेखी घ्या. जीएसटीची वह्या-कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. तोवर दोनदा सॉफ्टवेअर बदलून झालेलं असतं. कॉम्प्युटरवरच्यात बॅकअप तुमच्या गळ्यात. पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार असाल तर घेऊच नका.

तुमच्या जागी मी असते तर सीए जे वापरतो तेच, कॉम्प्युटरवरचं घेतलं असतं. हिशेब लिहिणारा मुलगा उद्या सोडून गेला तर टॅली येणारा दुसरा चोपड्यात आठ दिवसांत मिळतो. नव्या नावाच्या ॲपचं तसं नाही. पण आधी गेल्या महिन्याची तुमची पन्नास खरी बिलं विक्रेत्याकडून चढवून घ्या आणि निघालेला तक्ता आप्पांपुढे ठेवा. त्यांनी बोट ठेवून "हा चुकीचा" म्हटलं तर बहुतेक वेळा तो चुकीचाच असेल.

प्रश्न : सावद्याला घरी केळीचे वेफर्स करून विकते. वर्षाला नऊ लाखांची विक्री. भाचा म्हणतो सॉफ्टवेअर घे. घेऊ का?
– एक वाचक, सावदा

उत्तर : नको, ताई. माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात 40 लाखांपर्यंत सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. धंद्याचं बँक खातं मात्र घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं करा आणि यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा लावा. तेल, केळी, मीठ-मसाला, पिशव्या आणि गॅस, असे पाच रकाने वहीत आखा. गॅसचा रकाना बायका विसरतात, घरचंच सिलिंडर म्हणून. भाच्याला तो महिनाभर भरायला बसवा.