वाकडच्या मॉलला उत्तर म्हणून मुलीची पदवी निवडू नका

पालकांचे पत्र (संक्षिप्त): चिंचवडमध्ये माझे साड्या, ड्रेस मटेरियल आणि तयार कपड्यांचे दुकान असून ते मी २६ वर्षे चालवतो आहे. वाकडला मोठा मॉल सुरू झाल्यापासून तरुण गिऱ्हाईक तुटले आहे. मुलगी बारावीला वाणिज्य शाखेत गणित घेऊन शिकते. अकरावीत तिला ६८ टक्के गुण पडले. यापुढचा सगळा व्यापार मॉलमध्येच जाणार हे मला दिसत असल्यामुळे तिने मॉल मॅनेजमेंटची पदवी घ्यावी, असे मी ठरवले आहे. एका खासगी संस्थेत शंभर टक्के नोकरीची हमी असून तेथे ५१,००० रुपये भरून जागाही धरली आहे. शिवाय पुनावळ्याकडे होणाऱ्या व्यापारी संकुलात नऊ टक्के खात्रीशीर परतावा देणारा एक गाळा ती अठरा वर्षांची झाली की तिच्या नावे घ्यावा, असा विचार आहे. तिला मात्र भूगोल शिकायचा आहे. दिवाळीत दुकानात मदतीला बसवले, तर गिऱ्हाईक कोठून आले, किती वाजता आले, काही न घेता कोण गेले, हे वहीत लिहीत बसली आणि नंतर त्याचा रंगीत नकाशा काढला. या रिकाम्या उद्योगांतून तिचे लक्ष कसे काढावे? माझे दुकान गेलेच, तर निदान मुलगी जिंकणाऱ्या बाजूला असावी, एवढीच इच्छा आहे.

उत्तर:

महोदय,

आपल्या पत्रातील ६८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. सव्वीस वर्षे उभ्या केलेल्या दुकानाचे भवितव्य धूसर झाल्यावर मनात भीती येणे स्वाभाविक आहे, आणि ती आपण लपवली नाही याबद्दल मला आदरच वाटतो. पण त्या भीतीचा हिशेब आपण सतरा वर्षांच्या मुलीच्या पदवीतून चुकता करू पाहत आहात. दुकानाचे काय करावे हा आपला प्रश्न आहे आणि मुलीने काय शिकावे हा तिचा. हे दोन प्रश्न एकाच गाठीत बांधल्यामुळे दोन्हींची उत्तरे चुकत आहेत. ‘मी ठरवले आहे’ असे आपण लिहिता, संस्थेत पैसे भरता, गाळ्याची बोलणी करता. परंतु या तिन्हींपैकी एका तरी टप्प्यावर तिला विचारले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. तिचे म्हणणे आपण चार शब्दांत आटोपले आहे आणि तेही तक्रारीच्या सुरात. अशा रीतीने निवडलेल्या अभ्यासक्रमाला मूल उघड विरोध करत नाही, निमूटपणे जाते आणि दुसऱ्या वर्षी नापास होऊ लागते. मग पालक त्याला आळस म्हणतात.

आता मॉलविषयीच्या आपल्या समजुतीकडे वळतो. मॉल म्हणजे आपल्यासारखेच, पण अवाढव्य दुकान, आणि तेथे जाणारी मुलगी त्या दुकानाच्या गल्ल्याजवळ बसेल, असे आपण गृहीत धरले आहे. वस्तुतः मॉलचा मालक बहुधा एक सदराही विकत नाही. तो जागा भाड्याने देतो, आणि त्याचे कौशल्य कोणती जागा कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायची यात असते. अनेक करारांत किमान हमी भाडे किंवा दुकानाच्या विक्रीतील ठरावीक वाटा, यांपैकी जे अधिक असेल ते घेतले जाते, आणि त्यावर वातानुकूलन, सरकते जिने, सुरक्षा व स्वच्छता यांचा सामायिक देखभाल खर्च वेगळा आकारला जातो. सुपरमार्केट किंवा चित्रपटगृहासारखा मोठा भाडेकरू गर्दी खेचून आणतो, म्हणून त्याला प्रति चौरस फूट भाडे कमी लागते. त्या गर्दीच्या वाटेवर बसलेला लहान भाडेकरू त्याच्या कित्येक पट भाडे देतो. चित्रपटगृह आणि खाण्याचे दालन बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यांवर असते, कारण तेथपर्यंत जाता-येता माणसाने मधल्या मजल्यांवरील दुकानांसमोरून जावे, अशी ती योजना असते. हे काम करणारा मॉलचा स्वतःचा चमू लहान असतो, आणि त्यात वास्तुविशारद, अभियंते, सनदी लेखापाल, वकील, हॉटेल व्यवस्थापन शिकलेले, एमबीए झालेले असे निरनिराळ्या वाटांनी आलेले लोक असतात. सुरक्षारक्षक व सफाई कर्मचारी बहुधा कंत्राटदाराचे असतात, आणि दुकानांतील विक्रेते त्या त्या ब्रँडचे. तेव्हा बारावीनंतरच्या ‘मॉल मॅनेजमेंट’ पदवीला शंभर टक्के नोकरी मिळते, असे कोणी सांगितले, तर ती नोकरी बहुधा कुठल्यातरी ब्रँडच्या काउंटरमागे उभे राहण्याची असते. त्या नोकरीत कमीपणा नाही, पण त्यासाठी तीन वर्षे आणि लाखोंचे शुल्क लागत नाही. शिवाय कपडे कसे विकावेत हे ती आपल्याच दुकानात अधिक चांगले शिकेल.

मॉल ही सदैव जिंकणारी बाजू आहे, हे गृहीतकही तपासून पाहावे. मुंबईत ताडदेवला १९९९ साली सुरू झालेला क्रॉसरोड्स हा देशातील अगदी पहिल्या आधुनिक मॉलांपैकी एक. आरंभी तेथे इतकी गर्दी झाली की क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवणाऱ्यालाच मोफत आत सोडण्याची वेळ व्यवस्थापनावर आली. पुढे मालक बदलले, नाव बदलले आणि तो मॉल मागे पडला. तेथून फार दूर नसलेल्या लोअर परळमध्ये १९०५ सालच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात उभा राहिलेला मॉल मात्र वाढतच गेला, आणि आपण ज्याला घाबरला आहात तो वाकडचा, २०२३ साली सुरू झालेला, दहा लाख चौरस फुटांहून मोठा मॉल त्याच कंपनीचा आहे. पुण्यातच कोरेगाव पार्कच्या बाजूला एक मॉल ओस पडला होता आणि नव्या मालकाने त्याच जागेची पुनर्रचना करून तो कोपा या नावाने पुन्हा उघडला. शहर एकच, ग्राहकही थोडाफार तोच, तरी एक चालतो आणि दुसरा बंद पडतो. हा फरक ज्यांना आधी दिसतो, त्यांना या व्यवसायात खरी मागणी आहे.

आपण ज्याला रिकामा उद्योग म्हणालात, तो नेमका या जातीचा आहे. ग्राहक कोणत्या भागातून येतो, किती वेळ प्रवास करून येतो, कोणत्या वेळी येतो आणि आलेल्यांपैकी किती जण खरेदी करतात, या चार गोष्टींची नोंद करून ती नकाशावर मांडणे, याला या क्षेत्रात कॅचमेंटचा अभ्यास म्हणतात. नवे दुकान किंवा मॉल उभारण्यापूर्वी कंपन्या सल्लागारांना पैसे देऊन तो करून घेतात. आपल्या मुलीने तो कोणी न सांगता केला, आणि काही न घेता गेलेल्या गिऱ्हाइकाची वेगळी नोंद ठेवली, ही गोष्ट तर मला फारच आवडली, कारण अनेक जुने दुकानदारसुद्धा फक्त झालेली विक्री मोजतात.

तो नकाशा आपण एकदा तिच्यासमोर बसून, न रागावता, समजून घ्यावा. पवना नदीच्या पलीकडून, म्हणजे थेरगाव, काळेवाडीकडून येणारे गिऱ्हाईक कमी झाले आहे की चिंचवडमधले? रावेत-पुनावळ्याकडील नव्या सोसायट्यांतून कोणी येते का? सायंकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून लोक परत जातात का? माझा तर्क असा की, आपल्याकडून जीन्स आणि टी-शर्टचे गिऱ्हाईक गेले असेल, पण लग्नाच्या बस्त्याचे गिऱ्हाईक, ज्याला चार बायका सोबत घेऊन, मांडीवर पंचवीस साड्या उलगडून, भाव करून खरेदी करायची असते, ते वाकडला गेले नसेल. हा केवळ तर्क आहे. खरे उत्तर तिच्या वहीत असू शकते, आणि ते वाचण्याआधीच आपण दुकानाचे मृत्युपत्र लिहून ठेवले आहे. पुण्यात मॉल येऊन दोन दशके उलटली, तरी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग येथे सणासुदीला पाऊल ठेवायला जागा नसते, पुस्तकांसाठी लोक अजून अप्पा बळवंत चौकातच जातात, आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. पिंपरीहून निगडीकडे होणाऱ्या मेट्रोच्या विस्तारात चिंचवडचे स्थानक आहे. त्याचे दार आपल्या दुकानापासून किती अंतरावर उघडणार, याची चौकशी आपण केली आहे का? मला वाटते, मुलीने केली असेल.

शिक्षणाच्या मार्गांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बारावीला गणित असल्यामुळे नगरनियोजनाच्या पदवीसाठी जेईई मेन या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेचा पेपर २ बी तिला देता येईल. जानेवारीच्या सत्राची मुदत टळली असल्यास एप्रिलच्या सत्राचा अर्ज भरावा, आणि भोपाळ, विजयवाडा, दिल्ली येथील नियोजन व वास्तुकला विद्यालयांबरोबरच पुण्यातील सीओईपी आणि अहमदाबादच्या सेप्ट या विद्यापीठांचे प्रवेशनियम संकेतस्थळांवर पाहावेत. ते न जमल्यास भूगोल किंवा अर्थशास्त्रात बीए करावे आणि सोबत जीआयएस, म्हणजे संगणकावरील नकाशांचे तंत्र, गंभीरपणे शिकावे. पदव्युत्तर टप्प्यावर भूमाहितीशास्त्र, नगरनियोजन, स्थावर मालमत्ता व्यवस्थापन किंवा एमबीए, यांपैकी तेव्हा जे रुचेल ते घेता येईल, आणि मॉलच्या क्षेत्रात जायचेच झाले तर हे सर्व रस्ते तेथेही पोहोचतात. भूगोल म्हणजे शाळेत शिक्षिका होणे, ही समजूत आता सोडून द्यावी. २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांसारख्या संस्थांना, मेट्रोला, मालमत्ता सल्लागार कंपन्यांना आणि शाखा वाढवणाऱ्या प्रत्येक किरकोळ विक्री साखळीला जागेचे गणित मांडणारी माणसे लागतात. डीमार्टचे उदाहरण घ्या: २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या या कंपनीने बहुतेक दुकाने भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीच्या जागेत चालवली. जागा विकत घ्यायची म्हणजे चुकीच्या ठिकाणाहून गाशा गुंडाळणे महागात पडते, म्हणून ठिकाणाची निवड करणाऱ्याला तेथे किती वजन असेल, हे आपण व्यापारी आहात, आपल्याला सांगायला नको. एक सावधगिरीची सूचना मात्र तिच्यासाठी: वाणिज्य शाखेतून नियोजनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी रेखाटन आणि सांख्यिकी जड जाते, त्यामुळे परीक्षेनंतरची सुटी झोपून काढू नये.

५१,००० रुपयांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. संस्थेला लेखी विचारावे की, पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, मागील तुकडीतील मुले कोणत्या कंपनीत कोणत्या पदावर लागली आणि जागा सोडल्यास किती रक्कम परत मिळेल. उत्तर लेखी मिळाले नाही किंवा ‘प्रत्यक्ष भेटा’ असे मिळाले, तर ते पैसे गेले असे समजावे. पैशांच्या मागे मुलीची तीन वर्षे पाठवू नयेत.

राहिला गाळा. ज्या संकुलात प्रत्येक गाळा वेगवेगळ्या गुंतवणूकदाराला विकला जातो, तेथे कोणते दुकान कोठे असावे हे ठरवणारा एक मालक उरत नाही. प्रत्येक जण मिळेल त्याला भाड्याने देतो, वधूवस्त्रांच्या दालनाशेजारी मोबाइल दुरुस्ती येते, काही गाळे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात, देखभालीची वर्गणी थकते, मग सरकता जिना बंद पडतो आणि वरचे मजले ओस पडतात. पुणे-मुंबई परिसरात अशी संकुले आपण स्वतः पाहिली असतील. मोठे, चालते मॉल जागा विकण्याऐवजी भाड्याने देतात, ते याच कारणाने. मॉलमध्ये गुंतवणूकच करायची असेल, तर मे २०२३ मध्ये शेअर बाजारात आलेल्या आणि औंधच्या वेस्टएंडसह अनेक मॉल बाळगणाऱ्या नेक्सस सिलेक्टसारख्या, अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या न्यासाचे युनिट, म्हणजे शेअरसारखे हिस्से, थोड्या रकमेतही घेता येतात, अर्थात त्यांचे भावही खाली-वर होतात. खात्रीशीर परताव्याची रक्कम पहिली काही वर्षे पुष्कळदा आपल्याकडून घेतलेल्या चढ्या किमतीतूनच दिली जाते, हे ध्यानात ठेवावे. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक, जमिनीच्या मालकीहक्काचा वकिलाकडून घेतलेला अहवाल, चटई क्षेत्राचा नेमका आकडा, संकुलातील किती जागा विकासक स्वतःकडे ठेवणार आणि हमीची मुदत संपल्यावर भाडेकरू कोण आणणार, एवढे सर्व लेखी हाती आल्याखेरीज कोठेही सही करू नये. आणि ते सर्व समाधानकारक निघाले, तरी गाळा आपल्या नावावर घ्यावा, मुलीच्या नाही. अठराव्या वर्षी तिच्या नावावर गाळा आणि त्याचे कर्ज चढले, की तो भाड्याने जातो की नाही याचा घोर तिच्या पदवीच्या पहिल्या दिवसापासून तिच्या मागे लागेल.