एंटर दाबू नये

परभणी

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझ्या ड्रुपलमधल्या (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) फॉर्मचा स्क्रीनशॉट आला. 'सादर करा' मधोमध आणि त्याच्या खाली मोबाइल नंबरचं फील्ड. सोबत प्रश्न: "सर, बटणाला वेट 50 दिलं तर चालेल का?" वेट म्हणजे क्रमाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू खाली. चालेल की. आज चालेल. उद्या दुसऱ्या मॉड्यूलनं (ड्रुपलला जोडलेल्या कोडनं) 60 वेटचं फील्ड घुसवलं की तू 70 देशील. मोंढ्यातल्या सौद्यासारखी बोली चढवत बसणार का?

तुझं बटण फॉर्ममध्ये सुटं पडलंय. वेट दिलेलं नाही, म्हणजे शून्य. फॉर्म आल्टरमधून, म्हणजे दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये बदल करणाऱ्या कोडमधून, मागाहून आलेल्या फील्डचंही शून्य. वेट सारखं असलं की ड्रुपल आधी आलेल्याला वर बसवतं, मागून आलेल्याला खाली. एवढंच झालंय. त्यासाठी रात्र जागायची गरज नव्हती.

बटणं एका घरात ठेव. ड्रुपल 7 पासून त्यासाठीच 'अ‍ॅक्शन्स' हा टाइप आहे. त्याचं वेट मुळातच 100, म्हणून उफणताना जड दाणा बुडाशी पडावा तसं हे घर तळाशी बसतं. आत कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, ते आतल्या वेटवर ठरतं. बाहेरच्या फील्डांशी त्याचा संबंध उरत नाही. शिवाय उद्या दुसऱ्या कुणाला तुझ्या फॉर्मला बटण जोडायचं असेल, तर ते कुठं टाकायचं हे त्याला तुला फोन करून विचारावं लागत नाही.

मात्र दिसलं बटण की कोंबलं आत, असंही करू नकोस. फाइलजवळचं 'अपलोड' फाइलजवळच राहू दे, 'आणखी एक ओळ' त्या ओळींपाशी. अख्ख्या फॉर्मचं जे काम आहे, तेवढंच घरात.

आता तू म्हणशील, सीएसएसनं (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडनं) हलवलं तरी दिसायला तसंच दिसतं. दिसतं गं! मीही हेच म्हणायचो.

2012 साली एका वसतिगृहाचा प्रवेश अर्ज मी केला होता. 'अर्ज काढून टाका' उजव्या टोकाला हवं होतं. मी ते कोडमध्ये सगळ्यात आधी लिहिलं आणि सीएसएसमधून फ्लोट राइट मारलं, म्हणजे दिसायला उजवीकडे सरकवलं. पडद्यावर झकास. पण फील्डमध्ये असताना एंटर दाबलं की ब्राउझर कोडमधलं पहिलं सबमिट बटण धरतो. ते पडद्यावर कुठं दिसतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (तू कौतुकानं बटणाला 'प्रायमरी' (मुख्य) असा शिक्का लावलायस, त्यानंही फक्त रंग बदलतो. एंटर पहिल्याकडेच जातो.) तिथले क्लार्क टायपिंग शिकलेले, शेवटचं फील्ड भरलं की सवयीनं एंटर. अर्ज गायब. 'खात्री आहे का' असं विचारणारं पानही मी ठेवलं नव्हतं.

ड्रुपल 6 वरून आलेला माणूस मी, तिथं बटणं सुटीच लिहायचो. त्यात लोडशेडिंग, त्यात मुदत. फ्लोट तेव्हा सगळेच वापरायचे. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असाच कारभार होता सगळ्यांचा. तरी पण अ‍ॅक्शन्स तेव्हाही होतं, आणि मला ते माहीतही होतं. फॉर्म उलगडून बटणं एका घरात घालायला अर्धा तास लागला असता.

मी काय केलं? क्लार्कना सांगितलं, "एंटर दाबू नका, माउसच वापरा." त्यांनी मान डोलावली, गेलेले अर्ज कागदावरून पुन्हा भरले, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात 'एंटर दाबू नये' लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. चूक आपलीच, असं धरून चालले ते. मीही धरू दिलं.

चार-पाच वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो. फॉर्म केव्हाच बदललेला, कागद तिथंच, चिकटपट्टी पिवळी पडलेली. त्यांनी चहा मागवला. सांगावं असं दोनदा वाटलं. चहा पिऊन उठलो.

तेव्हा बटणं एका घरात घाल, 'काढून टाका' त्या घरात शेवटी ठेव, मग माउसला हात न लावता तुझा अर्ज भरून बघ. आणि मला कोड पाठव, स्क्रीनशॉट नको.

तुझा सर