ॲपल टू संगणकाचे अनोळखी साउंड कार्ड हाती आल्यास

आपल्याला मिळालेल्या ॲपल टूच्या साउंड कार्डावर कंपनीचे नाव नाही आणि ते कोणते हे ओळखायचे आहे, हे आपल्या पत्रात वाचले. ते लगेच संगणकाच्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवण्याच्या खाचेत) बसवून पाहण्याचा मोह कृपया आवरावा. आधी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढा आणि मग भिंगाखाली प्रत्येक चिपवरील आकडे उतरवून घ्या. ६५२२ या क्रमांकाच्या ४० पायांच्या दोन चिपा आणि त्यांच्या शेजारी एवाय-३-८९१० किंवा २४ पायांच्या ८९१३ या ध्वनी-चिपा दिसल्या, तर कार्ड मॉकिंगबोर्ड या ॲपल टूच्या प्रसिद्ध साउंड कार्डाच्या घराण्यातले असण्याची शक्यता दाट आहे. कारण त्या रचनेत ६५२२ मार्फत ध्वनी-चिपला आज्ञा जातात आणि प्रत्येक ध्वनी-चिप तीन स्वर देते. एसएसआय-२६३ ही वाणी निर्माण करणारी चिप असेल तर कार्ड बोलूही शकते, आणि तसे निघाले तर मला मनापासून आनंद होईल!

चिपवरचा ८३२६ सारखा चार आकडी शिक्का बहुधा १९८३ चा २६ वा आठवडा सांगतो. कार्ड त्याआधीचे नसणार एवढेच त्यावरून म्हणता येते, कारण जुन्या साठ्यातल्या चिपा पुढेही वापरल्या जात. शिवाय एखादी चिप नंतर बदललेलीही असू शकते.

यानंतर मल्टिमीटरने कार्डाच्या जोडणीच्या कडेवरील २५ व्या पिनवरील ५ व्होल्ट आणि २६ व्या पिनवरील ग्राउंड यांच्यात शॉर्ट (नको असलेली थेट जोडणी) नाही ना, हे तपासा. कार्ड बसवताना वा काढताना संगणक बंदच असावा. पहिली चाचणी चौथ्या स्लॉटमध्ये घ्या, कारण बरेच खेळ मॉकिंगबोर्ड तिथेच शोधतात.